मुंबईच्या काळा घोडा–कुलाबा भागात काही विकत न घेता, गाईडशिवाय पायी फिरता येतं का?

प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या एका भाऊंचा आहे. लग्नासाठी मुंबईला चाललेत, एक दिवस मोकळा आहे, सोबत बायको आणि आई. मोठ्या दुकानांचा भाग पायी बघायचा आहे. शेवटी लिहिलंय, "घ्यायची ऐपत नाही, आत गेलो तर हाकलतील का?"

हाकलत नाहीत. त्या एका वाक्यासाठीच लिहायला बसलो. "ऐपत नाही तं तिथं कायले जा लागते" हे माझ्या साडूचंही ठरलेलं वाक्य आहे, आणि ते मला कधीच पटलेलं नाही. काळा घोड्याजवळच्या फोर्ट भागातल्या ज्या इमारतींत आज लाखालाखाची कापडं टांगलेली असतात, त्या भागाला बराच पैसा आला तो कापसातून. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि खामगाव, अमरावती, हिंगणघाटच्या गाठी थेट बंदरावर जाऊ लागल्या. हिंगणघाट हे नाव तेव्हाच्या बाजारात कापसाची एक जात म्हणून चालायचं. तुमच्याच जिल्ह्यातलं गाव आहे, भाऊ. मान खाली घालून कशाला फिरता?

आता रस्ता. विदर्भ एक्सप्रेसने आलात तर सकाळी सातच्या आसपास सीएसएमटीला उतराल. दुकानं अकराच्या आधी उघडत नाहीत, त्यामुळे घाई करू नका. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत, म्हणून छोटं कुलूप घरूनच न्या. तिकीट आणि आधार हाताशी ठेवा. समोरच पंचम पुरीवाला आहे, तिथे पुरीभाजी खाऊन घ्या. पुढे काळा घोड्याच्या कॅफेत तिघांच्या नाश्त्याला जे लागेल, त्यात इथे दिवसभराचं जेवण होतं.

स्टेशनपासून रस्ता वरून ओलांडू नका, भुयारी मार्गाने दादाभाई नौरोजी रोडवर निघा. या रस्त्यावर इमारतींच्या खालून कमानींचा सलग पडवीसारखा रस्ता आहे. ऊन-पाऊस लागत नाही, म्हणून आईंना तिथूनच न्या. दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो. १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक एकाच चौकात आहे. वेगळ्या विदर्भाबद्दल तुमचं मत काहीही असो, तिथे दोन मिनिटं थांबा.

तिथून डावीकडे वीर नरिमन रोडने हॉर्निमन सर्कल. खरी चकाकी इथून सुरू होते. गोल बागेभोवती एकसारख्या दगडी इमारती, त्यांत २०११ पासून हर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडचं दुकान आणि २०२३ मध्ये उघडलेलं सब्यसाची या कपड्यांच्या डिझायनरचं. समोर टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक लायब्ररी, १८३३ ची. पायऱ्या तीस आहेत. आईंचे गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. आज जिथे बाग आहे ते पूर्वी मोकळं मैदान होतं, आणि तिथे कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला. म्हणजे हर्मेसच्या काचेसमोर तुम्ही उभे राहाल ती जागा एके काळची कापूसमंडी आहे.

तिथे काचेत शर्ट दिसला तर हा हिशेब करून बघा. एक क्विंटल कपाशीतून जिनिंगला साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. सूतकताईत आणि कटिंगमध्ये घट जाऊन कापड उरतं २२-२३ किलो. एका शर्टाला सव्वादोनशे ग्रॅम धरले तर एका क्विंटलचे शंभरेक शर्ट होतात. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे एका शर्टामागे शेतकऱ्याला मिळाले ८१ रुपये, तेही सरकीसकट. शर्टावरची किमतीची चिठ्ठी वाचा आणि ८१ ने भागा. साडू म्हणतो तिथे बघण्यासारखं काय आहे. मी म्हणतो, कापूसवाल्या माणसाने बघण्यासारखं याहून दुसरं काय आहे?

आत जाताना दरवान दार उघडतो. "फक्त बघायचं आहे" एवढं सरळ सांगायचं, मराठीतच सांगा. हातातली मोठी पिशवी बाहेर ठेवायला सांगितली तर ठेवा. फोटो विचारून काढा. काउंटरवरचं कापड हातात घ्यायचं असेल तर "दाखवता का" म्हणायचं, स्वतः घडी मोडायची नाही. सात-आठ जणांचा घोळका एकदम शिरला की मात्र कुठलाही दुकानदार अस्वस्थ होतो. तुम्ही तिघंच आहात.

पुढे व्ही. बी. गांधी मार्गाने काळा घोडा. वाटेत निळं ज्यू प्रार्थनामंदिर लागेल, १८८४ चं. रोप वॉक लेन आणि आसपासच्या गल्ल्यांत डिझायनर लोकांची छोटी दुकानं आहेत, त्यांत कोणी एकटंदुकटं सहज आत जाऊन येऊ शकतं. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही आणि बसायला थंड जागा आहे, आईंना तिथे अर्धा तास विसावा द्या. जवळच एस्प्लनेड मॅन्शन, जुनं वॉटसन हॉटेल, ७ जुलै १८९६ ला भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला ती जागा. बांधणारा वॉटसन मूळचा कापडवाला. इमारत जर्जर आहे, समोरच्या फुटपाथवरूनच बघा. तिथून ओव्हल मैदानाकडे राजाबाई टॉवर दिसतो. त्याला पैसे दिले कापसाच्या तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंदांनी, आईच्या नावाने.

मग रीगल सिनेमा, गेटवे, ताज. हे सगळ्यांना माहीत आहे.

कुलाबा कॉजवेवर भाव करायलाच पाहिजे. सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरू करा, निम्म्यावर आलं की घ्या. "प्युअर कॉटन" म्हणून रेयॉनचे, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या धाग्याचे, कुर्ते तिथे भरपूर विकतात. मुठीत चुरगाळून बघितल्याने हे कळत नाही, दोन्हीला चुण्या पडतात. शिवणीतून लोंबणारा धागा दोन बोटं ओढून घ्या, मधे थुंकीने ओला करा आणि ताणा. रेयॉन ओल्या जागीच पटकन तुटतं. सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो, तुटला तर कोरड्या जागी तुटतो. विकणारा बघत असतानाच करा, भाव आपोआप उतरतो.

सगळं मिळून चार किलोमीटरच्या आसपास चालणं आहे, थांबत-बसत पाच तास धरा. नव्या चपला घालू नका. या भागात ऑटो चालत नाहीत, फक्त टॅक्सी आणि बेस्टची बस. हुतात्मा चौकाला आता भुयारी मेट्रोही आहे.

एक राहिलंच: रविवारी जाऊ नका. फोर्टातली बरीच दुकानं बंद असतात, कुलाबा तेवढा चालू असतो आणि तिथे पाय ठेवायला जागा नसते. लग्न शनिवारी असेल तर सोमवारचा दिवस धरा. परतीची विदर्भ सायंकाळी सातच्या सुमारास सुटते, म्हणून साडेपाचला कॉजवेवरून टॅक्सी करा; त्या वेळी स्टेशनकडचा रस्ता तुंबलेला असतो, आणि क्लोक रूमच्या रांगेत वेगळी वीस मिनिटं जातात.