आजीची नथ वजनावर विकू नका

वाचकांचे प्रश्न : जुने दागिने, जुनी वस्त्रं, जुनी नाणी

ताई, नमस्कार. आई गेल्यावर तिची पेटी उघडली. आजीची मोत्यांची नथ, पुतळ्यांची माळ, सोन्यात मढवलेलं वाघनख आणि कासवाच्या पाठीची वाटणारी एक फणी निघाली. आजीचं लग्न १९२० च्या सुमाराचं. फोंड्याच्या सोनाराने सगळं तोलून भाव सांगितला, मोत्यांचे काही धरले नाहीत. भाऊ लंडनला असतो. तो म्हणतो, चतुर्थीला आलो की घेऊन जातो, तिथल्या लिलावात दहापट येतील. हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलर हिच्या दागिन्यांचा दाखला देतो. आम्ही काय करावं?
— एक वाचक, म्हार्दोळ

आधी भावाला फोन करा आणि सांगा की यातलं काहीही बॅगेत घालायचं नाही. शंभर वर्षं पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नथ १९२० ची म्हणजे ती मुदत ओलांडून गेली. शंभरच्या आतल्या वस्तूसाठीही 'ही पुरावस्तू नव्हे' असा पुरातत्त्व खात्याचा दाखला हाती असलेला बरा, नाहीतर कस्टम्सच्या टेबलावर तुमचा शब्द कोण मानणार? वाघनखाचं तर आणखी वेगळं आहे, त्यावर पुढे लिहिते.

सोनाराने तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. तो सोनं घेतो, सोनं आटवतो, त्याच्या धंद्यात मोत्याला आणि घडणावळीला परत पैसे नसतात. पण म्हणूनच नथ त्याच्याकडे न्यायची नाही. मुंबईत लिलावाच्या सूचीसाठी दागिन्यांच्या नोंदी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या टेबलावर सोन्याचं वजन ही नोंदीतली एक ओळ असायची. बाकीच्या ओळी मोती कुठला, घडण कुणाची, कुणी घातली, केव्हा घातली, दुरुस्ती झाली का, यांच्या.

नथीचे मोती बसऱ्याचे असू शकतात. इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती बसरा मोती या नावाने आपल्याकडे येत. जपानी संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात मणी घालून वाढवलेले, गोल मोती बाजारात पसरले ते १९२० नंतर, त्यामुळे तुमच्या आजीच्या लग्नाचा काळ तुमच्या बाजूने आहे. पण काळ म्हणजे पुरावा नव्हे. पुढे कधी एखादा मोती निखळला आणि सोनाराने दुसरा बसवला, असं घरोघरी झालेलं असतं. नथ पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी भिंगाखाली बघा. जुने मोती सगळे एका रंगाचे नसतात, एखादा पिवळट, एखादा किंचित चपटा, आणि वेज, म्हणजे ओवायचं भोक, बहुधा बारीक. त्यांच्यात एखादाच शुभ्र, गुळगुळीत, मोठ्या वेजाचा दिसला तर तो मागाहून बसवलेला समजा. खात्री मात्र फक्त क्ष-किरण तपासणीने होते. नैसर्गिक मोत्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वलयं दिसतात, संवर्धित मोत्यात बहुतेकदा मधला मणी उघडा पडतो. मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या रत्नपरीक्षण संस्थेचा लेखी अहवाल हातात असल्याशिवाय 'बसरा' हा शब्द कोणतंही जबाबदार लिलावगृह छापणार नाही. आणि तो शब्द छापला जातो की नाही यावर सगळी किंमत आहे. तारेतून मोती सोडवू नका. नथ आहे तशीच तपासायला द्या.

पुतळ्यांच्या माळेवर तर मी तुमच्याकडे येऊन तासभर बसले असते. पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. व्यापाराबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आलं आणि बायकांच्या गळ्यात गेलं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला दोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोल चौकटीत उभा येशू. आपल्या आज्यांनी ती चित्रं सोवळ्यात गळ्यात वागवली, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडालं, पण मागणी थांबली नाही, म्हणून आपल्याच सोनारांनी ठसे करून पुतळ्या पाडल्या. त्या नकला ओळखायच्या त्या अक्षरांवरून. अस्सल नाण्यावर लॅटिन अक्षरं वाचता येतात. नकलेवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके असतात, कारण ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. एकेक पुतळी भिंगाखाली धरा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. एकाच माळेत दोनचार अस्सल आणि बाकी इथल्या, असं पुष्कळदा निघतं. अस्सल नाण्याला कडी डाखलेली असली की नाणेसंग्राहक किंमत कमी करतो, हे खरं. म्हणून कुणी कड्या काढून नाणी सुटी करायला सुचवेल. ऐकू नका. डाग राहतोच, आणि माळ म्हणून तिचं जे मोल होतं तेही जातं.

आता वाघनख. लहान मुलाच्या गळ्यात ते घालायची चाल आपल्याकडे होती, त्यामुळे जुन्या पेट्यांतून ते हमखास निघतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते विकता येत नाही. सोन्याचं कोंदण आहे म्हणून पळवाट मिळत नाही. घरात ठेवायलाही वन खात्याकडे नोंद आणि मालकीचं प्रमाणपत्र लागतं. अशा जुन्या वस्तू जाहीर करायची मुदत २००३ च्या नियमांत दिली होती. तुमच्या आईवडिलांनी तेव्हा अर्ज केला होता का, ते कागदपत्रांत शोधा. नसेल तर वकिलाच्या सल्ल्याने राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे लेखी कळवा. पुष्कळ 'वाघनखं' शिंगाची किंवा खुराची नक्कल असतात, पण तो निवाडा तुम्ही घरी करायचा नाही.

फणीचंही तसंच. खरी कासवाच्या पाठीची असेल तर विक्री बंद. पण त्या काळात सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या हुबेहूब फण्या खूप आल्या होत्या. अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, आणि मग ती खुशाल विकता येईल. सुई तापवून टोचायचा प्रयोग काहीजण सांगतात, तो करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

टेलरबाईंच्या उदाहरणाबद्दल. २०११ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहाने त्यांचे दागिने विकले, त्यात 'ला पेरेग्रिना' हा मोती होता. त्यांचे तेव्हाचे पती रिचर्ड बर्टन यांनी तो १९६९ मध्ये लिलावातच ३७ हजार डॉलर्सना घेतला होता, आणि २०११ मध्ये त्याचे १ कोटी १८ लाख डॉलर्स आले. मोती तोच. स्पेनच्या राण्यांच्या तैलचित्रांत दिसणारा हा मोती मधल्या काळात टेलर यांच्या गळ्यात होता, एवढंच त्यात वाढलं होतं. भावाने एवढं मात्र बरोबर हेरलंय की वस्तूबरोबर तिची हकिगत विकली जाते. तुमची आजी काही नटी नव्हती, पण तिचा नथ घातलेला लग्नातला फोटो घरात आहे का? सोनाराची पावती, आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीतली ओळ, देवळातल्या नोंदीत काही? फोटोतली नथ आणि हातातली नथ एकच आहे हे दाखवता आलं तर तो कागद मोत्याच्या अहवालाइतकाच मोलाचा. आईच्या बहिणी हयात असतील तर त्यांना या आठवड्यातच विचारा आणि सांगतील ते तारखेसह लिहून घ्या.

लिलावगृहाशी बोलताना चार आकडे लेखी मागा : अंदाजित किंमत, राखीव किंमत म्हणजे जिच्याखाली ते विकणार नाहीत, तुमच्याकडून कापायचं कमिशन, आणि माल न विकला गेल्यास आकारायचा खर्च. हातोडा पडतो तो आकडा तुमच्या हातात येत नाही. समजा १ लाखावर पडला आणि कमिशन १० टक्के असेल, तर तुम्हाला ९० हजार, त्यातूनही विमा आणि फोटोंचा खर्च वजा होऊ शकतो. घेणारा आपल्या बाजूने बोलीवर वेगळा प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम, भरतो. ही चाल लंडनच्या बड्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये सुरू केली, आता सगळीकडे आहे. राखीव किंमत हावरेपणाने चढवू नका. न विकली गेलेली वस्तू सगळ्या व्यापाऱ्यांच्या लक्षात राहते आणि पुढच्या खेपेला तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. वारशाचा दागिना विकला की भांडवली नफ्याचा कर लागतो. १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, तेव्हा नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून तो दाखला घेऊनच सीएकडे जा.

आणि भावंडांत वाटणी करायची म्हणून माळेचे तुकडे करायचा विचार असेल तर माझा त्याला साफ विरोध आहे. पैसे वाटा, माळ नको.

आजेसासूबाईंची नऊवारी पैठणी आहे. पदर घडीवर फाटलाय. एक माणूस जरीचे वजनावर पैसे देतो म्हणाला. मुलगी म्हणते, कापून ओढणी आणि बटवे करू. लिलावात अशा साड्या जातात का?
— एक वाचक, डिचोली

जातात, पण खरं सांगते, फाटलेल्या साडीला फार मोठी रक्कम येत नाही. जरीवाल्याला मात्र देऊ नका. तो ती जाळून चांदी काढणार. पूर्वी बोहारणी भांड्यांवर नेत, आता हे लोक रोख देतात, आणि दोन्ही वाटांनी किती पदर गेले याची गणती नाही.

आधी ती पैठणी आहे का ते बघा. पदर उलटा करा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा वेल दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरता विणून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. मग जर. फाटलेल्या कडेचा एखादा सुटा धागा भिंगाखाली खरवडा. आत पांढरी चांदी दिसली तर जुनी खरी जर, तांबूस दिसलं तर तांब्याची.

गोव्याच्या पावसात रेशमाचं वाटोळं होतं ते घडीमुळे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे. पुठ्ठ्याच्या जाड नळीला धुतलेली मलमल गुंडाळा, त्यावर साडी सैल गुंडाळा, वरून पुन्हा मलमल. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, सावलीत उघडून बघा. फाटल्या जागी फॉल-बिडिंगवाल्याकडून शिवण मारू नका. खालून जुन्याच रंगाच्या रेशमाचा आधार देऊन बारीक सुईने ती जागा धरायची असते, ते काम वस्त्रसंवर्धन जाणणाऱ्याचं.

मुलीला माझं एक सांगणं. बटवे नव्या कापडाचेही होतात. आपल्याकडे देवीला वाहिलेल्या साड्यांची पावणी, म्हणजे देवळातला लिलाव, होते तेव्हा बायका एकेका साडीसाठी किती ईर्ष्येने बोली लावतात ते तिने बघितलं असेल. त्या साडीचं मोल ती देवीच्या अंगावरून आली यातच असतं. ही तिच्या पणजीच्या अंगावरून आली आहे. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी कुणबी साडी पुन्हा लोकांपुढे आणली, ती जुन्या लुगड्यांचा अभ्यास करून. कुणीतरी ती जपून ठेवली होती म्हणूनच अभ्यासाला मिळाली.

विकायचीच असेल तर अखंड विका. फोटोत फाटलेला भाग लपवू नका.

डब्यात पोर्तुगीज वेळची नाणी, म्हणजे १८८१, १९४७ आणि १९५२ चे रुपये, आणि १९५९ च्या काही नोटा मिळाल्या. काळी पडलेली नाणी चिंचेने घासून मग फोटो पाठवू का?
— एक वाचक, सावर्डे

घासू नका. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. चांदीवरचा तो काळसर थर संग्राहकाला हवाच असतो. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात आणि ते कधीच जात नाहीत.

तुम्ही लिहिलेल्या नाण्यांपैकी १८८१ चा, पोर्तुगालच्या दों लुईश राजाचा रुपया बघण्यासारखा आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचं चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या मापाला आणलं, म्हणून तो ११.६६ ग्रॅमचा, इंग्रजी रुपयाच्याच वजनाचा. वजनकाट्यावर टाका, फारच हलका भरला तर नकली असण्याची शंका घ्या. १९४७ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, आणि १९५२ च्या रुपयात नाहीच, तो तांबं-निकेलचा. १९५९ च्या एस्कुदोच्या नोटा, म्हणजे एका रुपयाला सहा एस्कुदो झाले तेव्हाच्या, पुष्कळ घरांत निघतात. त्यांची किंमत कोरेपणावर. घडी नसलेली नोट वेगळी काढा. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, ते काही वर्षांनी चिकट होतं.

फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे पाठवा. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि प्रत्येक नाण्याचं वजन फोटोखाली लिहा.