दुखणं नको, स्नायू मोज

लेकरा,

परवा फोनवर म्हणालास, "सर, कंबरदुखीचा पेशंट फिजिओथेरपीला येतो, चार दिवस शेक घेतो, बरं वाटलं की फिरकत नाही. आता तर म्हणतात कोणताही व्यायाम चालतो. मग हे मोजमाप कशासाठी?" ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

दुखणं मोजू नकोस, स्नायू मोज. पहिल्यांदा कंबर धरली तर बहुतेकांची काही आठवड्यांत सुटते, शेक दे की देऊ नको. पण मणक्याला लगटून असलेला मल्टिफिडस हा खोल स्नायू दुखऱ्या बाजूला बारीक होतो आणि दुखणं गेलं म्हणून आपोआप भरत नाही. ब्रिस्बेनच्या ज्युली हाइड्स यांनी १९९६ साली सोनोग्राफीने मोजून हे दाखवलं. पुढे २००१ मध्ये त्यांनी मांडलं, की खोल स्नायूंचा व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्क्यांची कंबर वर्षभरात पुन्हा धरली, न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांची. रुग्ण अवघे ३९ होते, ठाऊक आहे मला.

धारूरकडची एक ऊसतोड बाई दसऱ्याआधी माझ्याकडे आली होती. दहा दिवस शेक दिला, सिट-अप सांगितले, "बरं वाटतंय" ऐकलं आणि सोडून दिली. पाडव्याला परत आली तेव्हा तिला चूल पेटवायला वाकता येत नव्हतं. उचल फिटायची होती, म्हणून हंगामभर तशाच मोळ्या वाहिल्या. तिच्या पाठीला मी एकदाही बोट लावून पाहिलं नव्हतं. त्या वर्षापासून मी हट्टी झालो. पट्टा मागणारे पेशंट दुसरीकडे गेले, जाऊ देत.

तू घाई करतोस. पेशंटला पालथं झोपव, प्रेशर बायोफीडबॅकची पिशवी, म्हणजे ती दाब दाखवणाऱ्या काट्याची हवेची पिशवी, बेंबीखाली ठेव, ७० मिमी पाऱ्यावर फुगव. श्वास न कोंडता, कंबर न हलवता बेंबीखालचं पोट हळूच आत घ्यायला सांग. काटा ६ ते १० ने उतरला आणि १० सेकंद तिथंच राहिला, असं १० वेळा जमलं, तर ट्रान्सव्हर्सस, म्हणजे पोटाचा सगळ्यात खोल स्नायू, काम करतोय. काटा चढला तर वरचे मोठे स्नायू जोर लावतायत. लगेच प्लँकवर जाऊ नकोस! मग पाठीवर मणक्याच्या मधल्या उंचवट्याशेजारी, मल्टिफिडसवर, अंगठा ठेव आणि "स्नायू हळूच फुगवून माझं बोट वर ढकला" म्हण. दोन्ही बाजू ताडून बघ.

कोणताही व्यायाम चालतो, हे बऱ्याच अंशी खरं आहे. दुखणं त्यानेही कमी होतं. पण तू पुन्हा दुखणंच मोजतोयस. ज्या बाईला सहा महिने फडात काढायचेत तिला कोणत्या अवस्थेत गाडीत बसवतोयस, हे तुला कळायला नको?

आणि ज्यांना येणं जमत नाही, त्यांना कमरेच्या पुढच्या हाडाच्या जरा आत दोन बोटं ठेवायला शिकव. पोट आत घेताना बोटांखाली हलका ताण लागला पाहिजे. एवढं फडातल्या कोपीतही जमतं.

दसरा जवळ आलाय. तुझ्या पिशवीची नळी आधी तपास. ७० वर ठेवून नुसती टेबलावर सोड. काटा आपोआप उतरायला लागला तर ती गळतेय, नवी आण.