निधी उभारताना आधी ठरवायच्या गोष्टी

प्रिय मुली,

तुझ्या फाउंडेशनचा आराखडा वाचला. उद्दिष्टं पक्की आहेत, आकडेमोडही नेटकी आहे. मी अडले ती विश्वस्तांच्या यादीवर. देणगीदार आहेत, वकील आहेत, हिशेब जाणणारे आहेत. ज्या बायका-मुलींसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्यातली एकही नाही. नोंदणीच्या आधी हे बदल.

पैसा कोणाला द्यायचा हे ज्यांच्या हातात असतं, गरज कोणती हेही तेच ठरवून टाकतात. दूरच्या विश्वस्ताला शिलाई मशीन सुचतं, कारण त्याचा फोटो अहवालात छापता येतो. बाईला मात्र त्या घडीला वकील हवा असतो, पाळणाघर हवं असतं, नाहीतर घरात कोणाला न कळता चार पैसे ठेवायची जागा. २०१० साली सुरू झालेला फ्रिडा हा तरुण स्त्रीवाद्यांचा निधी अर्ज करणाऱ्या गटांनाच एकमेकांच्या अर्जांवर मत द्यायला सांगतो. गट आपसांत निवड करतात आणि जबाबदारीने करतात.

विश्वस्त मंडळात त्यांना एखादी जागा देऊन भागत नाही. जाणत्या मंडळींत एकटी पडलेली बाई मान डोलावून घरी जाते, चौघी असल्या की वाद घालतात. तो वाद तुला हवाय. त्यांचा प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि मुलं सांभाळण्याचा खर्च अंदाजपत्रकात धर.

आता देण्याबद्दल. एका वर्षाचा, एकाच प्रकल्पाला बांधलेला पैसा छोट्या संस्थेला दमवतो. जागेचं भाडं, पगार, ऑडिट यांना कोणी हात लावत नाही आणि चांगल्या कार्यकर्त्या तिथेच गळतात. तीन ते पाच वर्षांसाठी दे, कुठे खर्चायचा ते त्यांना ठरवू दे. अहवाल दोन पानांत संपू दे.

निधी येणार कुठून, यालाही तेवढंच महत्त्व दे. १९८३ साली अॅमस्टरडॅममध्ये मामा कॅश हा स्त्रियांसाठीचा निधी सुरू झाला तो त्याच्या एक संस्थापक मार्यान साक्स यांना वारशाने मिळालेल्या पैशाच्या बळावर. नेपाळात रीटा थापा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या तेवा या स्त्रियांसाठीच्या निधीने मात्र सामान्य नेपाळी माणसांच्या छोट्या देणग्यांवर भर दिला. मला तेवाचा मार्ग जास्त भावतो. हजार लोकांचा निधी कोणा एकाच्या रुसण्याने बंद पडत नाही.

कायम निधी, म्हणजे मूळ रक्कम गुंतवून तिच्या उत्पन्नावर चालणारा निधी, झालाच, तर तो कुठे गुंतवलाय ते दर वर्षी स्वतः तपास. अमेरिकेत खासगी फाउंडेशनांना वर्षाला मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावे लागतात. बऱ्याच जणी आणि जण तेवढ्यावरच थांबतात आणि उरलेले ९५ टक्के कुठे राबतायत हे विचारतही नाहीत. बायकांना कमी मजुरी देणाऱ्या कंपनीचे शेअर घेऊन त्याच्या लाभांशातून बायकांना मदत करायची, हे मला सहन होत नाही.

आणि आराखड्याच्या मुखपृष्ठावरचा त्या मुलीचा फोटो काढून टाक. तिने होकार दिला असेलही, पण पैसे देणाऱ्याला नाही म्हणणं तिला कितपत शक्य होतं?

तुझी,
ताई