नाव आहे, मग घरातली माणसं कुठे?

प्रश्न : माझ्या सुनेचं माहेर आफ्रिकन-अमेरिकन. तिचे पूर्वज उत्तर कॅरोलायनातल्या हॅलिफॅक्स काउंटीत गुलामगिरीच्या काळातही स्वतंत्र होते, असं तिच्या घरी सांगतात. 1850 च्या जनगणनेत ते कुटुंब नावानिशी सापडलं. 1830 मध्ये मात्र कुटुंबप्रमुखाचं नुसतं नाव दिसतं, पुढचे सगळे रकाने कोरे. ते एकटेच राहत होते, की नोंद अर्धवट राहिली? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : एकटे असते तरी एक आकडा असताच. तुम्ही बहुधा अर्धंच पाहिलं आहे. 1830 चा तक्ता समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला असतो. डाव्या पानावर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि घरातल्या गोऱ्यांचे नुसते आकडे. गुलाम आणि मुक्त अश्वेत माणसं उजव्या पानावर. संगणकावर ही पानं अनेकदा सुटी सुटी येतात, त्यामुळे दुसरं उघडायचं राहून जातं. नाव वरून कितव्या ओळीत आहे ते मोजा आणि पुढच्या पानावर तीच ओळ पकडा. डावीकडचे कोरे रकाने एवढंच सांगतात, की त्या घरात कुणी गोरं मोजलं गेलं नाही. उजवीकडे स्त्री-पुरुष वेगळे करून वयोगट मिळतील : दहाच्या आतले, 10 ते 24, 24 ते 36, असे पुढे. 1850 मध्ये जो तिशीचा आहे, तो इथे दहाच्या आसपास हवा. असं एकेक माणूस जुळवत जा.

त्याच ओळीत गुलामांच्या रकान्यातही आकडा निघाला, तर सुनेला धक्का बसेल. तिला आधीच सांगून ठेवा. काही मुक्त कृष्णवर्णीयांनी इतरांसारखेच गुलाम बाळगले, हे खरं आहे. पण अनेकांनी आपलीच बायको, आपलीच मुलं मालकाकडून विकत घेतली होती, आणि कायद्याने त्यांना मुक्त करणं फार अवघड होतं. उत्तर कॅरोलायनात 1830 च्या सुमारास झालेल्या कायद्यानुसार मुक्त झालेल्या माणसाला नव्वद दिवसांत राज्य सोडावं लागे. म्हणजे बायकोला मुक्त करायचं तर तिला घरातून घालवायचं. मग ती कागदावर नवऱ्याची मालमत्ता म्हणूनच राही. तो आकडा नुसता पाहून निवाडा करू नका. काउंटीतली खरेदीखतं आणि मृत्युपत्रं बघा. विकत घेतलेल्या बाईचं नाव खरेदीखतात असू शकतं, जनगणनेच्या त्या पानावर ते नसतं.

एखादं मूल कमी भरलं, तर ते वारलं असंच धरू नका. मुक्त अश्वेत कुटुंबांतली मुलं काउंटीचं न्यायालय उमेदवारीच्या करारावर दुसऱ्यांच्या घरी कामाला बांधून देई. असं मूल त्या घरमालकाच्या ओळीत मोजलं जाई. म्हणून शेजारच्या गोऱ्या कुटुंबांच्या ओळीही उजव्या पानापर्यंत वाचत जा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

1820 मध्येही वयोगट मिळतील. त्याआधीच्या जनगणनांत, 1790 ते 1810, ‘इतर सर्व मुक्त व्यक्ती’ असा एकच रकाना आहे. त्यात वय नाही, स्त्री की पुरुष तेही नाही. गोऱ्या वस्तीत मिसळून राहणारे मूलनिवासीही त्यातच येत. तेवढ्या आकड्यावरून वंशवृक्षात ‘कृष्णवर्णीय’ असं पक्कं लिहू नका, माझा याबाबत आग्रह आहे. 1850 च्या वर्णाच्या रकान्याचंही तसंच : गोऱ्यांसाठी तो कोरा ठेवायचा, बाकीच्यांपुढे ‘बी’ (ब्लॅक, म्हणजे कृष्णवर्णीय) किंवा ‘एम’ (मुलॅटो, म्हणजे मिश्रवंशीय). ते अक्षर अनेकदा मोजणाऱ्याच्या नजरेवर ठरे, आणि एकच माणूस दहा वर्षांनी दुसऱ्या अक्षराखाली सापडतो.

पडताळ्यासाठी इतिहासकार कार्टर वुडसन यांनी 1925 मध्ये छापलेली, 1830 मधल्या मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांची यादी पाहा. तुमचं नाव त्यात मिळालं तरी मूळ पानाची दोन्ही चित्रं उतरवून ठेवा. शेजारी कोण होतं ते तिथेच कळेल.