वाळवंटात एकटाच उभा डोंगर, बाकीची जमीन गेली कुठं?

प्रश्न: भाऊ, माझ्या मुलीने अमेरिकेतून मॉन्युमेंट व्हॅलीचे फोटो पाठवले. सपाट वाळवंट अन् मधातच लाल दगडाचा सरळसोट डोंगर! हा जमिनीतून वर आला का? आपल्याकडे असं काऊन नाही?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: काकू, उलटं आहे. डोंगर वर आला नाही, आजूबाजूची जमीन झिजून गेली. ॲरिझोना-युटाच्या सीमेवरचा हा भाग नावाहो या तिथल्या मूळ आदिवासी लोकांचा, १९५८ पासून त्यांचंच पार्क आहे. साधारण २८ कोटी वर्षांपूर्वी तिथं वाऱ्याने आणलेल्या वाळूच्या टेकड्या होत्या, त्या दबून वालुकाश्म झाला, लाल रंग त्यातल्या लोखंडाच्या गंजाचा. त्याच्या खाली मऊ शेलचा, म्हणजे चिखल दबून झालेल्या दगडाचा थर अन् डोक्यावर कडक दगडाची टोपी. पुढे अख्खं पठार हळूहळू उचललं गेलं, पाणी भेगांत शिरलं, खालचा शेल झिजला की वरच्याला आधारच राहत नाही अन् मग उभ्या भेगेवरून मोठमोठे तुकडे सुटून पडतात, म्हणून कडा असा ताठ. असा डोंगर रुंद आहे तोवर त्याला मेसा म्हणतात, अरुंद उरला की ब्यूट. काही ३०० मीटरपर्यंत उंच आहेत, खरंच थक्क व्हायला होतं!

आपल्याकडे वालुकाश्म नाही असं नका समजू, कामठीच्या नावाने तर एक अख्खी खडकरचना ओळखली जाते. फक्त आपला पाऊस जास्त, माती-झाडं सगळं झाकून टाकतात. सीताबर्डीची टेकडी मात्र लाव्हाची, काळा बेसाल्ट. उभे वालुकाश्माचे कडे पाहायचे तर पचमढीला जा, पावसाळा संपल्यावर थर छान दिसतात.