वाचकांचे प्रश्न : कोनिकल फर्मेंटरची धुलाई आणि दुखणी

या वेळची बहुतेक पत्रं परदेशातल्या वाचकांची आहेत आणि जवळजवळ सगळी एकाच भांड्याबद्दल आहेत. कोनिकल फर्मेंटर म्हणजे तळाला नरसाळ्याचा आकार असलेलं, बिअर आंबवायचं पिंप. यीस्ट आणि साका नरसाळ्यात उतरतो, तळाच्या व्हॉल्व्हने तो काढून टाकता येतो आणि बिअर दुसऱ्या भांड्यात हलवावी लागत नाही. सोय मोठी आहे, पण साध्या प्लास्टिकच्या बादलीत नसलेले कितीतरी सांधे, रबरं आणि खाचा तिच्यासोबत घरात येतात. खालच्या निम्म्याअधिक तक्रारी तिथल्याच आहेत.

प्रश्न : २६ लिटरचा स्टीलचा कोनिकल आहे. दर वेळी गरम पाण्याने धुतो, सॅनिटायझर फवारतो. आतून लख्ख दिसतो. आयपीए ही कडवट बिअर छान होते, पण गव्हाची बिअर दोनदा आंबट झाली. यीस्ट बदलूनही पाहिलं. – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आयपीए वाचते आणि गव्हाची बिअर नासते, यातच अर्धं निदान आहे. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं; आयपीएत ती भरपूर असतात आणि त्यांच्यातली कडवट आम्लं लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. गव्हाच्या बिअरमध्ये हॉप्स नावापुरते असतात, त्यामुळे तिथे त्यांना रान मोकळं मिळतं. म्हणजे जिवाणू तुमच्या सामानात आधीपासूनच आहेत; फक्त आयपीएत ते दिसले नाहीत.

ते बहुधा तळाच्या बॉल व्हॉल्व्हमध्ये आहेत. या व्हॉल्व्हमध्ये भोक पाडलेला एक गोळा फिरतो. गोळा आणि बाहेरची खोबण यांच्यामध्ये फट असते आणि दांडी फिरवली की थोडं वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी), थोडं यीस्ट त्या फटीत अडकतं. दांडी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असताना ही फट झाकलेली राहते. तुम्ही टाकीतून कितीही पाणी सोडलं तरी ते भोकातून सरळ जातं, फटीला शिवत नाही. सॅनिटायझर तर तिथे पोचलं तरी उपयोग नाही, कारण तो मळ काढत नाही. मळावर फवारलेला स्टार सॅन (आम्लाचा सॅनिटायझर) मळाचा फक्त वरचा थर ओला करतो.

आधी व्हॉल्व्हच्या अंगावर किती बोल्ट आहेत ते बघा. चार बोल्ट आणि तीन तुकडे असतील तर तो उघडता येतो. दांडी ‘बंद’ स्थितीत आणा, तरच गोळा बाजूने सरकून बाहेर येतो. उघड्या स्थितीत तो दांडीच्या खाचेत अडकून राहतो आणि लोक पकडीने ओढून त्यावर ओरखडे पाडतात. गोळ्याच्या दोन बाजूंना दोन पांढऱ्या टेफ्लॉनच्या चकत्या असतात, दांडीखाली आणखी एक-दोन. सोडण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. सगळे तुकडे पीबीडब्ल्यू या अल्कधर्मी धुलाई पावडरीच्या द्रावणात (लिटरला साडेसात ग्रॅम, पाणी ६० अंश सेल्सियस) अर्धा तास बुडवा, मऊ ब्रशने खाचा घासा, खळखळून धुवा. स्टील आणि टेफ्लॉन दोन्ही उकळत्या पाण्यात टिकतात, तेव्हा संसर्गाची शंका असताना पंधरा मिनिटं उकळून घ्या. जोडताना बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा. एकच बाजू आधी करकचून आवळली तर चकती तिरकी बसते आणि व्हॉल्व्ह थेंब-थेंब गळतो. जोडून झाल्यावर टाकीत दोन लिटर पाणी घालून तासभर खाली कोरडा कागद ठेवा.

दोन तुकड्यांचा व्हॉल्व्ह घरी नीट उघडत नाही. तो काढून टाका आणि तीन तुकड्यांचा किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्ह घ्या. नवा येईपर्यंत नाइलाज असेल तर दांडी अर्धी, म्हणजे ४५ अंशांवर ठेवून गरम द्रावण सोडा. त्या स्थितीत फट दोन्हीकडून उघडी असते. शेवटी स्टार सॅन सोडतानाही दांडी अशीच अर्धवट ठेवा. त्याचं प्रमाण लिटरला दीड मिलीच्या आसपास, आणि दोन मिनिटं ओलावा टिकला पाहिजे.

व्हॉल्व्हनंतर रॅकिंग आर्मचं (बिअर काढायच्या आतल्या वाकड्या नळीचं) ओ-रिंग, झाकणाचं रबर आणि ट्राय-क्लॅम्पची (दोन नळ्यांच्या कडा आवळून जोडणाऱ्या सांध्याची) गॅस्केटं काढून बघा. इथे एक फसगत नेहमीची आहे : एक इंची आणि दीड इंची ट्राय-क्लॅम्पची बाहेरची कड एकाच मापाची, ५०.५ मिलिमीटर असते. त्यामुळे एक इंची गॅस्केट दीड इंची सांध्यात बेमालूम बसतं, क्लॅम्पही लागतो, पण त्याची आतली कड नळीत डोकावते आणि तिच्यामागे यीस्ट साठतं. गॅस्केटचं भोक नळीच्या भोकाशी जुळतंय ना, हे बोट फिरवून तपासा.

नमुना काढता त्या तोटीचंही हेच. नमुना घेतल्यावर तोंडाशी उरलेली गोड बिअर म्हणजे जिवाणूंना आमंत्रण. आधी आणि नंतर फवारा मारा, मग टोपी लावा.

प्रश्न : टाकीच्या आत तपकिरी-करडा खरबरीत थर बसलाय. पीबीडब्ल्यूमध्ये रात्रभर ठेवलं तर वर पांढरी पुटं चढली. स्टार सॅनही लगेच गढूळ होतो. – लंडनहून

उत्तर : तिन्हींचं मूळ लंडनच्या जड पाण्यात आहे. खरबरीत थराला बिअरस्टोन म्हणतात. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो : कॅल्शियम पाण्यातलं, ऑक्झॅलिक आम्ल माल्टमधलं, आणि दोन्हीत गुंतलेली प्रथिनं. अल्कधर्मी पीबीडब्ल्यू प्रथिनं सोडवतो, पण खनिज नाही. उलट जड पाण्यात तो रात्रभर ठेवला तर कार्बोनेट खाली बसतं. तीच तुमची पांढरी पुटं. जड पाण्यात अर्धा ते एक तास पुरे, मग लगेच धुवायचं.

बिअरस्टोनला आम्ल लागतं. फॉस्फरिक आणि नायट्रिक आम्लाचं ब्रुअरीसाठीचं मिश्रण मिळतं. दूध डेअऱ्यांमध्ये मिल्कस्टोन (दुधाचा असाच थर) काढायला वापरतात ते फॉस्फरिक आम्लाचं द्रावणही चालतं. प्रमाण डब्यावरचंच घ्या. ६० अंशांचं पाणी, पंधरा ते तीस मिनिटं, मग धुवून पीबीडब्ल्यू, मग पुन्हा धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही. आणि ब्लीच घरात असेल तर त्या दिवशी त्याची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. नुसती पांढरी पुटं असतील तर एवढा खटाटोप नको, सायट्रिक आम्लाने ती जातात.

गढूळ स्टार सॅन लगेच फेकू नका. पीएच-पट्टी लावा : ३ च्या खाली असेल तर तो काम करतोय. साठवून वापरायचा असेल तर आरओच्या पाण्यात बनवा.

प्रश्न : तळाचा व्हॉल्व्ह उघडला की आधी वाटीभर यीस्ट येतं आणि मग एकदम स्वच्छ बिअर. ड्राय हॉप केल्यावर, म्हणजे आंबवणाऱ्या टाकीतच हॉप्स घातल्यावर, तर काहीच येत नाही. – पोर्टलंड, ऑरेगन

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. थंड झालेलं यीस्ट घट्ट असतं, बिअर पातळ. व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडला की बिअर यीस्टच्या मधोमध बोगदा पाडून खाली येते आणि यीस्ट भिंतीला चिकटून राहतं. दांडी हळूहळू, पाव उघडीपर्यंतच न्या; दोन-तीनशे मिली घ्या, बंद करा, अर्धा-एक तास थांबा. तेवढ्यात वरचं यीस्ट खाली सरकतं. नरसाळ्यावर रबरी हातोडीने हलकेच टकटक केली तर मदत होते. यीस्ट काढताना टाकी वरून हवा ओढून घेते, म्हणून एअरलॉकच्या (वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या सापळ्याच्या) जागी कार्बन डायऑक्साइडची नळी अगदी कमी दाबावर लावा.

पुढच्या बॅचसाठी यीस्ट राखायचं असेल तर पहिला काळपट भाग टाकून द्या, मधला सायीसारखा घ्या. बरणीचं झाकण सैल ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांच्या आत वापरा. घट्ट झाकलेली बरणी फुटू शकते.

दुसरं दुखणं हॉप्सच्या गोळ्यांचं. त्या पाण्यात फुगून दीड इंची नळीत बूच बसवतात. खालून सळई खुपसू नका, टेफ्लॉन फाटतं. ब्लो-ऑफ नळी (वायू बाहेर सोडणारी) वरून मोकळी आहे याची खात्री करा, खाली सॅनिटाइझ केलेली नळी जोडा आणि कमी दाबाने दोन-तीन सेकंद कार्बन डायऑक्साइड सोडा. बूच सुटतं, पण गाळही ढवळला जातो. एक दिवस थंडीत ठेवून मग पुन्हा प्रयत्न करा. मुळात हॉप्स घालण्याआधी यीस्ट काढून टाकलं असतं तर नळीत दोन्हींचा लगदा झाला नसता.

प्रश्न : बिअर २० अंशांवरून २ अंशांवर आणली तर एअरलॉकमधलं पाणी टाकीत गेलं. मागे एकदा धुताना झाकण आत दबलं होतं. दोन्हींचा संबंध आहे का? – टोरांटो

उत्तर : आहे. दोन्ही वेळा आत निर्वात तयार झाला.

टाकीतला वायू थंडीने आकसतो, पण १८ अंशांच्या उतारात तो जेमतेम ६ टक्के. खरा हिशेब विरघळण्याचा आहे. २० अंशांवर एक लिटर बिअर साधारण ०.८५ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते, २ अंशांवर सुमारे १.६ लिटर. वीस लिटर बिअरला वरची सगळी मोकळी जागा गिळायलाही ते पुरेसं आहे. हे सावकाश होतं, पण होतं. आणि पाण्यामागोमाग बाहेरची हवा आत येते. बिअर थंड करण्याआधी एअरलॉक काढा आणि एक-दोन पीएसआय दाबाने कार्बन डायऑक्साइड जोडून ठेवा. टाकीला निर्मात्याने तेवढा दाब सांगितला असेल तरच.

धुलाईचं गणित जास्त भयानक आहे. ६० अंशांच्या पाण्यावर बंद टाकीत जी वाफ असते तिचा दाब वातावरणाच्या एक पंचमांश. त्यावर गार पाणी मारलं की वाफेचं पाणी होतं आणि तेवढा निर्वात उरतो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या सपाट झाकणावर तो दीडशे किलोच्या आसपास भार टाकतो. वर आणखी एक कारण : आंबवण संपल्यावर टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि अल्कधर्मी द्रावण तो शोषून घेतं. द्रावण घालण्याआधी झाकण उघडून टाकी हवेशीर करा आणि धुताना एक तरी तोंड पूर्ण मोकळं ठेवा.

प्रश्न : एअरलॉक बुडबुडतच नाही. बॅच गेली का? – बंगळुरूहून अमेरिकेला गेलेल्या एका वाचकाकडून

उत्तर : बहुतेक झाकण गळतंय. रबराच्या कडेने स्टार सॅन फवारा, फुगे दिसतील. निर्णय एअरलॉक देत नाही, हायड्रोमीटर देतो : बिअरची घनता १.०५० ची १.०१२ झाली आणि लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही, तर काम संपलं.

प्रश्न : पीईटी प्लास्टिकच्या पारदर्शक कोनिकलला हेच सगळं लागू आहे? – मेलबर्न

उत्तर : तापमान सोडून. पाणी ५० अंशांच्या खाली ठेवा, नाहीतर टाकी वाकते. ब्रश किंवा खरखरीत घासणी अजिबात नको, ओरखड्यात जंतू बसतात. मऊ फडकं वापरा. कॉस्टिक सोडा पीईटीला खातो. आणि परकार्बोनेटचं (पीबीडब्ल्यूसारख्या पावडरीचं) गरम द्रावण झाकण घट्ट लावून हलवू नका : त्यातून ऑक्सिजन सुटतो, दाब वाढतो आणि उघडताना द्रावण तोंडावर उडतं. फेसाचं वाळलेलं कडं असेल तर द्रावण त्याच्या वरपर्यंत भरून दोन तास ठेवलं की ते स्वतःहून सुटतं.

प्रश्न : पुण्यात घरी असा फर्मेंटर लावता येईल का?

उत्तर : नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे आणि घरगुती बिअरसाठी वेगळी मुभा नाही. ब्रिटनने घरच्या बिअरचा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला. अमेरिकेत १९७८ चा केंद्रीय कायदा एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत घरच्या बिअरवर करसूट देतो.

प्रश्न : स्प्रे बॉल (आतून धारा मारणारा भोकांचा गोळा) आणि पंप लावलाय, तरी थर्मोवेलच्या (तापमापकाच्या आतल्या नळीच्या) मागे मळ राहतो. शिवाय वेल्डजवळ चहाच्या रंगाचे डाग आलेत. – डॅलस

उत्तर : स्प्रे बॉलला सावली असते. थर्मोवेलच्या मागे, झाकणाच्या तोंडांच्या आत आणि रॅकिंग आर्मच्या खाली धार पोचत नाही. ब्रुअऱ्या हे तपासायला रिबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व वापरतात : त्याचं पाणी आतून फवारायचं, स्प्रे बॉलने धुवायचं, मग अंधारात अतिनील टॉर्च मारायची. जिथे हिरवट-पिवळं चमकतं तिथे धुलाई झालेली नाही. थर्मोवेल काढून हातानेच घासा. पंपातून स्टार सॅन फिरवू नका, त्याचा फेस होऊन पंप हवा खातो. कमी फेसाचं आम्ल सॅनिटायझर त्यासाठी वेगळं मिळतं.

डाग बहुधा तारेच्या घासणीतून आलेल्या लोखंडाचे किंवा ब्लीचच्या क्लोराइडचे आहेत. ३०४ स्टीलमधलं सुमारे १८ टक्के क्रोमियम हवेशी मिळून पातळ संरक्षक थर करतं; तो मोडला की गंज. पीबीडब्ल्यूने नीट धुवून दहा लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक आम्ल घाला, ४०-४५ अंशांवर वीस मिनिटं पृष्ठभाग ओला ठेवा, धुवा आणि उघडं ठेवून पूर्ण सुकू द्या. डाग गेला पण नखाला खड्डा लागतोय, तर तिथे मळ साठतच राहणार. तो भाग पॉलिश करून घ्यावा लागेल.