एकाच दारातून ये-जा

प्रिय,

जंगलातल्या झाडांत साठलेला कार्बन मोजायचा तुझा आराखडा दोनदा वाचला. झाडांचे घेर घ्यायचे, त्यावरून वजन काढायचं, कोरड्या वजनाचा निम्मा भाग कार्बन धरायचा. यात काही चूक नाही. पण शेवटी एक ओळ आहे, ‘पाण्याचा भाग या अभ्यासाबाहेर ठेवला आहे’. त्या ओळीवर मी पेन्सिलीने फुली मारली आहे. रागावू नकोस, कारण सांगतो.

सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट नावाच्या गृहस्थांनी कुंडीत विलोचं रोप लावलं. माती आधी वाळवून तोलून घेतली, सुमारे ९० किलो. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. सव्वादोन किलोंचं रोप पाऊणशे किलोंच्या वर गेलं आणि माती जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमनी घटली. त्यांनी निष्कर्ष काढला की लाकूड, साल, मुळं हे सगळं पाण्यातूनच आलं. तोलणं चोख होतं, पण हवेचं खातंच उघडलेलं नव्हतं. गंमत म्हणजे ‘गॅस’ हा शब्द त्यांनीच घडवला, आणि कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या ज्या वायूबद्दल त्यांनी लिहून ठेवलं तो कार्बन डायऑक्साइडच होता. उत्तर त्यांच्या घरातच होतं, फक्त दुसऱ्या वहीत. तुझ्या आराखड्यात तीच चूक उलटी झाली आहे.

आधी एक काम कर. पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर लाव, पूर्ण वाळू दे, पारदर्शक चिकटपट्टीने अलगद सोलून घे आणि काचपट्टीवर चिकटव. सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठं केलंस की ओठांसारख्या पेशींच्या जोड्या दिसतील. त्या रक्षक पेशी, आणि मधली फट म्हणजे पर्णरंध्र. कार्बन डायऑक्साइड आत येतो तो इथून, वाफ बाहेर पडते तीही इथूनच. म्हणण्यासारखं दुसरं दार पानाला नाही. आणि सौदा अगदी आतबट्ट्याचा. वायूचा एक रेणू मिळवायला बहुतेक झाडं पाण्याचे काही शे रेणू गमावतात. पानाच्या आतली हवा ओलीचिंब असते, बाहेरची कोरडी. आणि पानाला लागणारा वायू मात्र हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या जरा वर.

आता तापमानवाढ यात कुठे येते ते बघ. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ सामावण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पाऊस तेवढाच पडला, तरी पानावरची ओढ वाढते. मग झाडापुढे दोनच वाटा. रंध्रं मिटली तर उपासमार. उघडी ठेवली तर खोडातल्या पाण्याच्या धारेवर इतका ताण येतो की ती मध्येच तुटते आणि जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो. बुडबुडा शिरलेली वाहिनी सहसा बाद होते.

२००३च्या उन्हाळ्यात युरोपात भीषण उष्णतेची लाट आली. जंगलं आणि शेतं मिळून वर्षभरात जेवढा कार्बन हवेतून घेतात, तो त्या वर्षी सुमारे ३० टक्क्यांनी घटला. तेवढ्यावर थांबू नकोस. उष्णता वाढली की कुजणं आणि श्वसन वाढणार, असं आपण गृहीत धरतो. त्या उन्हाळ्यात उलट घडलं, तेही घटलं. माती इतकी सुकली होती की जिवाणू-बुरशींनाही काम करवेना. आवक मात्र जावकीपेक्षा जास्त खाली गेली आणि शिल्लक उणे झाली. कार्बनच्या जमेवरही पाण्याची सही होती आणि खर्चावरही.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडांचं भलंच होईल, असं तुला कोणीतरी सांगेलच. काही अंशी खरं आहे. रंध्रं थोडी मिटूनही काम भागतं, पाणी वाचतं. पण वाढीला लागणारा नायट्रोजन, फॉस्फरस कुठून आणणार? या भरवशावर मी तरी फार विसंबणार नाही.

जंगल पाणी पितं की पाऊस आणतं, हा वादही तुझ्या कानावर येईल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, फक्त किती मोठा पट बघतोयस ते ठरव. अमेरिकेत हबर्ड ब्रुक इथे १९६५मध्ये एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडं तोडली, पुन्हा उगवूही दिली नाहीत. पुढच्या वर्षी ओढ्याचं पाणी अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. झाडं पीत होती ते पाणी ओढ्यात आलं, आणि सोबत मातीतलं नायट्रेटही धुऊन घेऊन आलं. याउलट ॲमेझॉनमध्ये सलाती नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात पावसातल्या ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, तपासले. ढग समुद्रापासून आत सरकत पाऊस पाडत गेले की जड समस्थानिक आधी गळून कमी कमी होत जायला हवेत. तिथे ते फारसे कमी होत नव्हते. म्हणजे पडलेलं पाणी जंगल पुन्हा हवेत परत करत होतं, आणि तेच पुढे पाऊस होऊन पडत होतं. ओढ्याकाठी बसून हे दिसलं नसतं.

आता माझी फजिती. खोडातला पाण्याचा प्रवाह मोजायला दोन सुया टोचतात, वरची तापवलेली. प्रवाह वाढला की दोन सुयांतल्या तापमानाचा फरक कमी होतो. रात्री प्रवाह शून्य धरून मी रोजच्या रोज शून्यरेषा नव्याने आखत गेलो. दोन हंगाम. मग कोरड्या, वाऱ्याच्या रात्रींचे आलेख नीट पाहिले, तर रेषा पहाटेपर्यंत स्थिरावतच नव्हती. झाडं रात्रीही पाणी ओढत होती. काही पानांतून सुटत होतं, काहीने दिवसभर आटलेलं खोड भरत होतं. मी त्याला शून्य म्हटलं आणि दिवसाचे सगळे आकडे कमी आले. दोन्ही हंगामांचं गणित नव्याने करावं लागलं.

म्हणून आराखडा असा बदल. झाडं कमी घे, वीस चालतील. घेर मोजायच्या पट्ट्या राहू देत, पण त्याच झाडांना सुया लाव. मातीची ओल जमिनीखाली तीन वेगवेगळ्या खोलीवर मोज, कारण वरचा थर सुकला तरी खालची मुळं पीत असतात. हवेचं तापमान आणि आर्द्रता मात्र पानांच्या उंचीवर घे. आणि पालापाचोळा बाजूला सारून मातीतून निघणारा वायू महिन्यातून दोनदा तरी मोज. वरच्या एक मीटर मातीत जगभर मिळून हवेपेक्षा जास्त कार्बन आहे, तो सोडून फक्त खोडं मोजण्यात अर्थ नाही.

पहिल्या महिन्याचे आकडे आले की सरासरी काढू नकोस. रात्री दहा ते पहाटे पाच एवढेच आकडे, जसेच्या तसे, मला पाठव. आणि नेलपॉलिशच्या त्या सालीचा फोटोही.

तुझा,
काका